मित्र गेल्यावर त्याची आठवण त्याच्या घरच्यांसोबत कशी जपावी

जिवाभावाचा मित्र गेला की सगळे त्याच्या घरच्यांना भेटायला येतात, आणि यायलाच हवं. आई, वडील, बायको, बहीण, मूल यांचं दुःख सगळ्यांना दिसतं. त्या गर्दीत तुम्हीही असता. खुर्च्या मांडता, फोन घेता, कागदपत्रांच्या मागे धावता. येणारा प्रत्येक जण तुम्हाला विचारतो, "घरचे कसे आहेत?" तुम्ही कसे आहात हे विचारायचं सहसा कुणाला सुचत नाही, कारण कागदोपत्री तुम्ही त्याचे कोणीच नसता.

केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकांनी १९८९ साली अशाच दुःखाबद्दल मांडणी केली होती: जे खरं असतं, पण ज्याला समाज रीतसर जागा देत नाही. मित्राच्या जाण्याचं दुःख बऱ्याचदा त्यातच मोडतं. त्यासाठी हक्काची रजा मिळत नाही, आणि महिन्याभरात लोकांना वाटतं की तुम्ही सावरला असाल. हे सुरुवातीलाच सांगतोय, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. त्या घराने तुम्हाला आपलं मानलं असेल, तर आठवण जपायच्या कामात हक्काने उतरा. बाहेरचे आहोत म्हणून दाराशी थांबून राहू नका.

माझा मित्र पोहायला शिकवायचा. शाळेपासून आम्ही बरोबर. त्याच्या घरी दाराच्या चौकटीवर उंचीच्या रेघा आहेत, त्याच्या लाल आणि माझ्या निळ्या, आणि त्या काकांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, स्वतः पट्टी धरून मारलेल्या. काकू मला त्याच्याइतक्याच हक्काने रागवायच्या, अजूनही रागवतात. त्याच्या बायकोला मी वहिनी म्हणतो, त्याची मुलगी मला काका म्हणते. तो गेल्यावर मी जे केलं, आम्ही सगळ्यांनी मिळून जे केलं, त्यातलं जे उपयोगी पडलं ते इथे लिहितोय.

आधी लिहून काढा, मग बोला

पहिल्या काही आठवड्यांत, जमेल तेव्हा, तुम्हाला जे आठवतं ते लिहून काढा. घरच्यांशी फार गप्पा होण्याआधी. यामागे कारण आहे. फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९३२ साली दाखवून दिलं की माणूस आठवण साठवून जशीच्या तशी बाहेर काढत नाही, दर वेळी ती नव्याने रचतो. पुन्हा पुन्हा सांगितलेली गोष्ट लहान होते, ऐकणाऱ्याला रुचेल अशी होते, बोचणारे आणि विचित्र तपशील गळून पडतात. आणि मित्राची ओळख नेमकी त्या विचित्र तपशिलांतच असते. घरात दहा वेळा सांगून झालेली गोष्ट हळूहळू सगळ्यांची एकसारखी होते. तुमची स्वतःची त्याआधी कागदावर यायला हवी.

लिहिताना गुणवर्णन टाळा. "फार प्रेमळ होता, सगळ्यांना मदत करायचा" हे वाक्य कुणाच्याही फोटोखाली चालतं. त्याऐवजी तो काय करायचा, कसा करायचा, हे लिहा. मी माझ्या वहीत लिहिलेला एक उतारा इथे देतो, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल:

"पाण्याला घाबरणारं मूल आलं की हा त्याच्याशी पाण्याबद्दल बोलायचाच नाही. पायरीवर त्याच्या शेजारी बसायचा, दोघांचे पाय पाण्यात. मग गळ्यातली शिट्टी काढून मुलाच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, आज मास्तर तू. तू शिट्टी वाजवलीस की मी उडी मारणार. मूल शिट्टी वाजवायचं, हा धपकन पडायचा, वर यायचा, नाकातलं पाणी शिंकरायचा, पुन्हा येऊन बसायचा. असं बराच वेळ. मग स्वतः पाण्यात उभा राहून हात पुढे करायचा आणि मोजायचा: एक, दोन, अडीच. तीन कधी म्हणायचाच नाही. अडीचला मूल हसायचं, आणि हसता हसता पाण्यात आलेलं असायचं."

यात त्याच्यासाठी एकही विशेषण नाही, तरी वाचणाऱ्याला तो दिसतो. असे पाच-सहा उतारे लिहून झाले की पुढचे आपोआप सुचतात. काही अडलं तर स्वतःला हे विचारा: तो फोन उचलल्यावर पहिला शब्द काय बोलायचा? चिडला की आवाज चढायचा की गप्प व्हायचा? पैसे कसे मोजायचा? कुठली गोष्ट त्याला कधीच जमली नाही? कुणाची नक्कल करायचा?

त्याचे दोषही लिहा. माझा मित्र वेळ पाळायचा नाही, वर मलाच म्हणायचा तू लवकर येतोस. भांडण झालं की दोन-दोन महिने बोलायचा नाही, आणि मग एके दिवशी काहीच न झाल्यासारखा दारात उभा राहायचा. हे वगळून मी त्याला लिहिलं असतं, तर तो दुसराच कुणीतरी झाला असता. प्रत्येक नोंदीच्या शेवटी हेही लिहून ठेवा की ही गोष्ट तुम्ही स्वतः पाहिली आहे की कुणाकडून ऐकली आहे. पुढे याचा फार उपयोग होतो.

आवाज आणि फोन यांची घाई करा

बाकी सगळं सावकाश केलं तरी चालतं. डिजिटल गोष्टींना मुदत असते.

तुमच्या फोनमध्ये व्हॉट्सॲपवर त्याचे व्हॉइस मेसेज असतील तर आजच चॅट एक्स्पोर्ट करा, "मीडियासह" हा पर्याय निवडून. फोन हरवला किंवा बदलला तर बॅकअपवर विसंबून राहू नका. फाइल्सना नावं द्या: तारीख आणि विषय. व्हिडिओ आणि फोटो इतरांकडून मागवताना सांगा की डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नेहमीसारखे पाठवलेले फोटो ॲप दाबून लहान करतं, आणि कधी काढला, कुठे काढला ही माहिती निघून जाते. जुनी कॅसेट सापडली तर वाजवण्याआधी तिच्या वरच्या कडेच्या प्लास्टिकच्या दोन्ही खुंट्या तोडा, म्हणजे चुकून वर दुसरं रेकॉर्ड होणार नाही. लोकांच्या लग्नाच्या, सहलीच्या व्हिडिओत मागून येणारा त्याचा आवाजही शोधा. माझ्याकडचा सगळ्यात चांगला तुकडा असाच आहे: कॅमेरा दुसऱ्याच कुणावर आहे आणि मागे हा कुणाला तरी टॉवेलवरून ओरडतोय.

त्याचा मोबाइल नंबर लगेच बंद करू देऊ नका. बँकेपासून ईमेलपर्यंत सगळे ओटीपी त्यावरच येतात, आणि बंद पडलेला नंबर कंपनी काही काळाने दुसऱ्याला देऊ शकते. व्हॉट्सॲपचं खातं साधारण १२० दिवस वापरलं गेलं नाही तर काढून टाकलं जातं. त्याने तुम्हाला पाठवलेले मेसेज तुमच्या फोनवर राहतात, पण त्याच्या फोनमधलं जे आहे ते त्याआधी बाहेर काढायला हवं. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक गूगल खातं गूगल काढून टाकू शकतं, असं त्यांचं २०२३ पासूनचं धोरण आहे, आणि त्यासोबत मेल आणि फोटोही जातात.

फेसबुकवर दोन वाटा असतात: खातं काढून टाकायचं, किंवा स्मरणार्थ ठेवायचं. स्मरणार्थ केलं की त्यात कुणालाच लॉगिन करता येत नाही, म्हणून आतलं काही हवं असेल तर आधी विचार करा. २०१५ पासून हयातीतच वारस-संपर्क, म्हणजे आपल्यामागे खातं सांभाळणारा माणूस, नेमून ठेवायची सोय आहे, पण त्या माणसालाही खासगी मेसेज वाचता येत नाहीत. ॲपलनेही अशी सोय २०२१च्या डिसेंबरपासून दिली आहे. तिथे ॲक्सेस की (नेमताना त्या माणसासाठी तयार होणारा कोड) आणि मृत्यूचा दाखला, दोन्ही लागतात.

या सगळ्यात एक मर्यादा पाळा. तांत्रिक काम तुम्ही करा, ठरवू द्या घरच्यांना. कुठलं खातं ठेवायचं हे वहिनींनी ठरवलं. मी फक्त प्रत्येक पर्यायाने काय होईल ते साध्या भाषेत सांगितलं आणि उत्तराची वाट पाहिली. त्याचा पासवर्ड तुम्हाला माहीत असला तरी त्याच्या खासगी बोलण्यात डोकावू नका. जिवंतपणी त्याने जे तुम्हाला दाखवलं नव्हतं, ते आजही त्याचंच आहे.

घरच्यांना विचारताना

सगळ्यांना एकत्र बसवून "चला, आठवणी सांगा" असं करू नका. एकत्र असले की मोठी माणसं बोलतात, बाकीचे माना हलवतात, आणि कुणाचा तरी बांध फुटला की विषय संपतो. एकेकट्याने भेटा. हातात काहीतरी काम असू द्या: फोटो लावणं, कपाट आवरणं, फॉर्म भरणं. नजरेला नजर नसली की माणूस मोकळा होतो, पुरुष तर जास्तच. काका त्याच्याबद्दल पहिल्यांदा बोलले ते सायकलची साखळी बसवताना. माझ्याकडे न बघता.

"कसा होता तो?" या प्रश्नाला उत्तर नसतं. लहान प्रश्न विचारा. शाळेतून आल्यावर दप्तर कुठे टाकायचा? पहिला पगार झाल्यावर काय केलं? कुणाशी पटायचं नाही? तुमच्याशी शेवटचं भांडण कशावरून झालं? हा शेवटचा प्रश्न फक्त जवळच्या नात्यात आणि योग्य वेळी विचारावा, पण त्याचं उत्तर बहुतेक वेळा फार सुंदर असतं. रेकॉर्ड करायचं असेल तर स्पष्ट विचारा. मी काकूंना विचारलं, "काकू, फोन चालू ठेवू का? तुम्ही म्हणाल तेव्हा बंद करतो." त्या म्हणाल्या, "ठेव. तुझ्या लक्षात राहत नाही काही." फोन त्यांच्याच हाताशी ठेवला. बंद करायचं बटण सांगणाऱ्याच्या हाताशी असलं की तो निर्धास्त बोलतो.

दोघांच्या हकिकती जुळणार नाहीत, याची तयारी ठेवा. त्याचा हात लहानपणी मोडला तो भिंतीवरून पडून, असं ताई, म्हणजे त्याची बहीण, सांगते. काकू म्हणतात शिडीवरून, आणि शिडी धरायचं काम ताईचं होतं. मी दोन्ही लिहून ठेवलंय, दोघींच्या नावांसकट. कोण खरं हे ठरवायच्या फंदात पडू नका. आईच्या मनातला मुलगा आणि बहिणीच्या मनातला भाऊ वेगळे असणारच.

आणि फक्त घेऊ नका, द्या. घरच्यांना सगळ्यात जास्त हवी असते ती त्यांनी न पाहिलेली बाजू: कामावरचा तो, मित्रांतला तो, त्यांच्याबद्दल त्यांच्या माघारी बोलणारा तो. वहिनी पहिल्यांदा नोकरीसाठी मुलाखतीला गेल्या त्या दिवशी हा तलावावर कुणालाच शिकवू शकला नाही, काठावर येरझारा घालत होता, दर पाच मिनिटांनी मला घड्याळ विचारत होता. हे त्यांना माहीतच नव्हतं. मी सांगितल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "पुन्हा सांगा."

सांगताना त्याचं नाव घ्या. नाव टाळलं तर आई विसरणार नाही, तिला फक्त एवढंच कळेल की या घरात त्याच्याबद्दल बोलायचं नाही. मात्र त्याने विश्वासाने सांगितलेलं गुपित, जे त्याला घरी कळायला नको होतं, ते तुमच्यापाशीच राहू द्या. आठवणींची वही पूर्ण व्हायलाच हवी असं काही नाही.

वस्तू

घर लगेच आवरायला घेऊ नका आणि कुणाला घेऊही देऊ नका, असं मी सांगेन. निदान कागद, वह्या, चिठ्ठ्या यांचा एक खोका बाजूला काढा आणि त्यावर लिहा: फेकू नये. जी वस्तू तुम्हाला हवी असेल ती तोंडाने मागा, आणि घरच्यांनी त्यांना हवं ते ठेवून घेतल्यानंतरच. मी त्याची शिट्टी मागितली नव्हती, ती मुलीची आहे. मला काकांनी त्याचं पोहण्याचं घड्याळ दिलं. ते मी वापरतो, कपाटात ठेवलेलं नाही.

फोटोंबद्दल थोडं नीट सांगतो, कारण इथे चांगल्या हेतूने नुकसान होतं. चिकट पानांच्या अल्बममधले जुने फोटो शक्य असतील तर हळूच सोडवा, त्या पानांचा गोंद वर्षानुवर्षं फोटो खराब करतो. पण निघत नसतील तर ओढू नका, पानासकट स्कॅन करा. लॅमिनेशन करू नका, ते परत काढता येत नाही. मागे बॉलपेनने लिहू नका, दाब पुढे उमटतो. मऊ पेन्सिलीने कडेला हलकेच लिहा, आणि गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नसेल तर पाकिटावर लिहा. लहान प्रिंट असतील तर ६०० डीपीआयला (स्कॅन किती बारकाईने होतो त्याचं माप) स्कॅन करा. थर्मल, म्हणजे उष्णतेने छपाई होणाऱ्या, कागदावरच्या पावत्या, तिकिटं, ज्यांच्या पाठीवर त्याने काही खरडलंय, त्या सगळ्यात आधी स्कॅन करा, कारण त्यांच्यावरची छपाई काही वर्षांत उडून जाते. खोका उष्णता, ओल आणि उन्हापासून दूर ठेवा. माळा आणि तळघर दोन्ही वाईट.

आणि फोटोत कोण कोण आहे हे म्हाताऱ्या माणसांना आत्ताच विचारून घ्या. हे काम पुढे ढकलण्यासारखं मुळीच नाही.

त्याचं मूल

मुलीला सुरुवातीपासून खरं सांगायचं असं वहिनींनी ठरवलं आणि आम्ही सगळ्यांनी तेच पाळलं. बाबा झोपलाय, बाबा लांब गेलाय असं लहान मुलांना सांगू नये, मुलं ते शब्दशः घेतात आणि झोपायला घाबरतात किंवा वाट बघत राहतात. "बाबा मेला, त्याचं शरीर आता काम करत नाही, तो परत येऊ शकत नाही" हे वाक्य मोठ्यांना कठोर वाटतं, पण मुलाला त्यातच आधार मिळतो. साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान मुलांना मृत्यू कायमचा असतो हे उमगू लागतं, आणि वाढत्या वयात ती तोच प्रश्न नव्याने विचारतात. दर वेळी उत्तर द्या, वयाला झेपेल तेवढं थोडं जास्त.

तुम्ही बाबाच्या जागी नाही. तुम्ही असं माणूस आहात की ज्याला बाबा तिच्या वयाचा असताना कसा होता ते माहीत आहे, आणि ते दुसऱ्या फार थोड्यांना माहीत असतं. तिने विचारलं, "काका, बाबा कधी नापास झाला होता का?" मी सांगितलं, हो, भूगोलात, आणि प्रगतिपुस्तक आम्ही दोघांनी मिळून लपवलं होतं. ती ज्या उत्साहाने हे काकूंना सांगायला धावली, तो उत्साह मी "तुझा बाबा फार हुशार होता" म्हणून मिळाला नसता.

नातं पुढे नेताना

बऱ्याच काळापर्यंत असं मानलं जायचं की शोकातून बाहेर पडायचं म्हणजे गेलेल्याशी नातं सोडवून घ्यायचं. १९९६ साली डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन या अभ्यासकांनी याच्या उलट मांडलं: माणसं ते नातं तोडत नाहीत, त्याचं रूप बदलून ते चालू ठेवतात, आणि त्यात आजारी असं काही नाही. मला तर त्या घरी गेल्यावर हे रोज दिसतं.

त्यासाठी जात राहा, ठरवून. "काही लागलं तर सांगा" असं म्हणू नका, कुणी सांगत नाही. "शनिवारी येतो, काकांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेतो" असं म्हणा. पहिल्या वर्षी सगळे येतात, दुसऱ्या वर्षापासून कमी होतात, म्हणून तुमचं जाणं दुसऱ्या वर्षी जास्त महत्त्वाचं आहे. वाढदिवस आणि गेल्याची तारीख कॅलेंडरमध्ये घाला, आणि त्या दिवशी नुसता फोन करून "आज त्याची आठवण येतेय" एवढं म्हटलं तरी पुरतं. दर भेटीत त्याचाच विषय निघायला हवा असंही नाही. काकूंना कधी कधी फक्त नळ गळतोय हे सांगायचं असतं.

वहिनींनी पुढे नवा संसार करायचं ठरवलं, किंवा घर विकलं, किंवा मुलीला शिट्टी नकोशी झाली, तर तो त्यांचा हक्क आहे. तुमच्या आठवणीसाठी त्यांनी जागच्या जागी थांबायचं नाही.

स्वतःकडेही बघा. हसू आलं, कामात दिवस गेला, तर अपराधी वाटून घेऊ नका. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या अभ्यासकांनी १९९९ साली मांडल्याप्रमाणे शोक आणि रोजचं जगणं यांत माणूस येरझारा घालतो, आणि त्या येरझारांतच सावरतो. पण सहा महिने, वर्ष उलटूनही तीव्रता तशीच असेल, झोप, काम, माणसं सगळंच सुटत चाललं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. लांबलेल्या शोकाला जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात वेगळं स्थान आहे, आणि त्यावर उपचार आहेत. त्या घराला तुम्ही धडधाकट हवे आहात.

शेवटचं काम साठवणुकीचं. जमवलेल्या सगळ्याच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी. आमची एक वहिनींच्या लॅपटॉपवर आहे, एक ताईकडच्या हार्ड डिस्कवर, एक माझ्या क्लाउडमध्ये, ज्याचा पासवर्ड वहिनींकडेही आहे. वर्षातून एकदा तिन्ही उघडून फाइल्स चालतात का ते बघतो. आणि माझ्या मुलाला सांगून ठेवलंय की माझ्या कपाटातली हिरव्या पुठ्ठ्याची वही आपली नाही, ती त्या घरी पोचवायची, माझ्या मित्राच्या मुलीच्या हातात.